दांडी नसलेली सायकल

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी मालकांनी दिली. कापडाच्या कंपनीकडून त्यांना दरवर्षी येते आणि दरवर्षी ते ती कुणाच्या तरी गळ्यात मारतात. यंदा माझा नंबर लागला. सोबत बातमीही दिली. आपली इमारत पाडायला काढली आहे, पुढच्या सोमवारपासून दुकान पुलापलीकडे. "मास्टर, तुम्हाला थोडं लांब पडेल," म्हणाले. थोडं म्हणे. आजवर मी जिना उतरून गल्ली ओलांडली की दुकानात. आता आख्खा पूल चढायचा, उतरायचा आणि लाकडाच्या वखारी मागे टाकून आणखी पुढे जायचं.

मी कटर आहे. पुरुषांचे कोट-पॅन्ट कापतो. जन्मभर टेबलाशी उभं राहून डावा खुबा आखडला आहे, पाय एका मर्यादेपलीकडे वर जात नाही. चालत जाणं शक्यच नाही. हिला म्हटलं, एवढं अंतर रोज चालायला मी माणूस आहे की बैल. ही भांडी विसळत होती. "हं," म्हणाली. हिचं हॉस्पिटल त्याच रस्त्याला, वखारींच्याही पुढे. तिथल्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते. म्हणून विचारलं, तुझी बस तिकडूनच जाते ना? तर म्हणाली, ती कधीच बंद झाली. घ्या. मला हवी ती गोष्ट नेमकी आधीच बंद पडलेली असते. माझं नशीबच तसलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सायकल घ्यायची. स्कूटर आमच्या ऐपतीत बसत नाही, आणि बसली तरी ती शिकायचं माझं वय राहिलेलं नाही. सायकल लहानपणी भरपूर चालवली आहे.

दुपारच्या सुट्टीत मोठ्या शोरूममध्ये जाऊन आलो. तिथल्या सायकली काटकुळ्या आणि किमती गलेलठ्ठ. टाय लावलेल्या पोराने विचारलं, "सर, बजेट काय?" मी म्हटलं, "बघू." गिऱ्हाईक असं "बघू" म्हणालं की ते परत येणार नाही, हे मला आमच्या दुकानात लगेच कळतं. त्या पोरालाही कळलं. तो दार उघडून उभा राहिला आणि मी बाहेर पडलो. उगाचच खजील झालो.

संध्याकाळी हिच्यापुढे रस्त्याचा विषय काढला. मोठ्या रस्त्याने गेलो तर सरळ पडेल, असं माझं मत. ही म्हणाली, मोठ्या रस्त्याला सकाळी ट्रक असतात, वखारींच्या मागून जा, चढ कमी लागतो. तिथली कुत्री नुसती भुंकतात, अंगावर येत नाहीत. पुलावर डाव्या कडेला चालू नका, फरशी हलते. बायकांना घरात बसून कुठून काय काय कळतं, देव जाणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सायकल घेतली. जुनी, काळी, भक्कम, दांडीची. नवीच्या मानाने फारच स्वस्त पडली. पण घेताना जो गाढवपणा केला तो इथे लिहून टाकतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

आमच्या दुकानात एक पद्धत आहे. मालक गिऱ्हाइकाचं माप घेतात आणि मोठ्याने सांगतात, मी लिहून घेतो. पोट सुटलेला माणूस असला की मालक दोन इंच कमी सांगतात आणि पुढे "बरं का" जोडतात. "छत्तीस, बरं का." मी मुकाट्याने अडतीस कापतो. गिऱ्हाईक खूश, पॅन्टही बसते. कधी कुणाच्या लक्षात आलेलं नाही. उंचीचं त्याच्या उलट. बुटक्या माणसाच्या पायाची लांबी मालक थोडी वाढवून सांगतात.

जुन्या सायकली विकणाऱ्याने मला विचारलं, पायाचं माप माहीत आहे का, त्यावरून बघू कोणती बसते. मी कटर, मला माहीत नसणार का? आणि माझ्या तोंडून दोन इंच जास्तीचं माप गेलं. वर मी "बरं का" सुद्धा म्हणालो. त्या बिचाऱ्याने ते ऐकलं आणि मी सांगितलं त्या मापाची सायकल काढून दिली. त्याला काय ठाऊक, "बरं का" ऐकलं की मनात दोन इंच वजा करायचे असतात. तिथेच बसून बघायला हवं होतं. पण आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, खुबा आखडलेला, त्यांच्यासमोर टांग टाकायची लाज वाटली. हातात धरून घरी आणली.

९ फेब्रुवारी, रविवार

पडलो. गल्लीत, भर सकाळी, सगळे गॅलरीत दात घासत उभे असताना. पाय दांडीवरून पलीकडे जाईना, गेला तर खाली टेकेना. सायकल एकीकडे आणि मी एकीकडे. पॅन्ट बरोबर मागच्या शिवणीवर फाटली. मी स्वतः कापलेली.

ही खाली आली. आधी सायकल उभी केली, मग मला विचारलं लागलं का. जिन्यात मात्र म्हणाली, "बिनदांडीची घ्या. पाय वर घ्यायला नको."

"लेडीज? लोक हसतील."

"कोण लोक?"

मी चिडलो. तुला काय कळतंय, तुला कुठे रस्त्याने जावं लागतं, असं काहीतरी बोललो. पॅन्ट काढून द्या, शिवते, ही म्हणाली. कटरची पॅन्ट त्याच्या बायकोने शिवायची, हेही नशिबात होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

नव्या जागेतला पहिला दिवस, आणि मी चालत गेलो. काय सांगू. पूल संपता संपत नाही. वखारींपाशी पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि खुब्यातून कळा येत होत्या. उशीर झाला तो झालाच, वर काजवाल्या बाई म्हणाल्या, मास्टर, बसा जरा, पाणी देऊ का. या बाई आमच्याकडे काज करतात, बटणं लावतात. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. त्यांनी माझी कीव करावी ही पाळी आली.

संध्याकाळी घरी आलो तो पायांत जीव नव्हता. हिने न विचारता टबात कोमट पाणी आणून पुढे ठेवलं. हिचा नेहमीचा टब. रोज संध्याकाळी ही त्यात पाय बुडवून बसते, मी तो एरवी कधी मागत नाही. म्हणाली, पहिले काही दिवस होतं असं, मग सवय होते. मी म्हटलं, मला असली सवय करून घ्यायची नाही. कुणीच करून घेऊ नये. ती पाण्यात आणखी थोडं गरम पाणी ओतून आत गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काळी सायकल परत दिली आणि बिनदांडीची आणली. फिकट जांभळी. पुढे जाळीची टोपली, घंटीवर फूल. यापेक्षा साधी नव्हती, मी सगळ्या बघितल्या. पाय अलगद आत जातो, खुब्याला कळत नाही, ब्रेक चांगले आहेत, वर पैसे द्यायचा प्रश्नही आला नाही. दुकानदाराने पुसून देताना विचारलं, "वहिनींसाठी का?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. काय बिघडणार होतं नाही म्हटलं असतं तर? पण तोंडातून गेलं ते गेलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

वखारींच्या मागून गेलो. हिने सांगितलं तसंच, चढ कमी, कुत्री नुसती भुंकणारी. मजेत पोचलो. सायकल दुकानाच्या मागे, पाण्याच्या टाकीआड लावली. दुपारी मालक हात धुवायला मागे गेले आणि येताना सगळ्यांसमोर म्हणाले, ती फुलाची घंटी कुणाची? इस्त्रीवाला फिस्सकन हसला. मी म्हटलं, मिसेसची. माझी दुरुस्तीला टाकली आहे, म्हणून आज हिची आणली.

इथवर ठीक होतं. पण काजवाल्या बाईंनी सुई खाली ठेवली. म्हणाल्या, "फार चांगलं केलंत मास्टर. वहिनींना सायकल घेतलीत ते. माझी बहीण त्यांच्याच लॉन्ड्रीत आहे. ती म्हणते, बस बंद झाल्यापासून किती वर्षं त्या चालत येतात. थंडी नाही, ऊन नाही. परत जातानाही चालतच."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला. मालक म्हणाले, व्वा मास्टर. इस्त्रीवाल्याने सुद्धा मान डोलावली. बाई पुढे म्हणाल्या, तुमचा किती जीव आहे त्यांच्यावर, ते येतं आमच्या कानावर. काय कानावर येतं ते मी विचारलं नाही. विचारण्याच्या स्थितीतच नव्हतो. त्यानंतर एका कोटाचा गळा चुकीचा कापला.

तीन तारखेला याच डायरीत मी लिहिलं होतं, बस कधीच बंद झाली असं ही म्हणाली. आणि त्यापुढे मी माझ्या नशिबाला बोल लावला. मग ही कशी जाते, हा प्रश्न मला पडला नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी नाही, कधीच नाही. मी उठतो तेव्हा ही गेलेली असते आणि मी येतो तेव्हा ही आलेली असते. मला वाटायचं, जाते कशीतरी. माणूस आहे की बैल, असं मी हिच्या तोंडावर म्हणालो होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस विषय काढायचा धीर झाला नाही. आज काढला. म्हटलं, तू चालत जातेस हे मला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं होतं. बस बंद झाली त्या दिवशीच. तुम्ही 'बरं' म्हणालात."

आवाज चढला नाही, काही नाही. भाजी निवडत होती, निवडत राहिली. मी म्हणालो असेन. "बरं" हे मी घरात सर्वांत जास्त वेळा म्हणतो.

मग म्हटलं, सायकल तू घे. तुला येते का, हेही मला माहीत नव्हतं. येते म्हणाली, माहेरी वडिलांची चालवायची. दोघं खाली उतरलो. ती बसली तर सीट तिला खाली होती, गुडघे वर येत होते. मी म्हटलं, असं कसं, तू माझ्यापेक्षा बुटकी ना. खिशात टेप होताच. माप घेतलं, दोनदा घेतलं. हिचा पाय माझ्यापेक्षा लांब आहे. सगळ्या गावच्या पुरुषांची मापं माझ्या डोक्यात आहेत. हिचं आज पहिल्यांदा घेतलं.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. छान चालवते. वारा लागला म्हणून पदर खोचला होता आणि चेहरा वेगळाच दिसत होता. परत येऊन उतरली आणि हॅण्डल माझ्या हातात दिलं. "तुमचा खुबा आहे. तुम्हीच न्या. मला चालायची सवय आहे."

मी आग्रह केला. एकदा. दुसऱ्यांदा केला नाही, कारण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मी इथे लिहितोय, कारण इथेही खोटं लिहिलं तर मग काहीच उरणार नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची जी लाज वाटली ती पडलो तेव्हाच्या लाजेहून वेगळी होती. ती कुणी बघितली नव्हती, तरी जात नव्हती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हिची सायकल मी इतके दिवस का आणतोय, हे दुकानात कुणी विचारत नाही. दुरुस्ती लांबली असं मीच दोनदा आपणहून सांगितलं. आज काजवाल्या बाईंनी पिशवीतून एक वस्तू काढली. कोटाच्या उरलेल्या कापडाचं सीटचं कव्हर. आत कापूस भरलेला, कडेने बारीक टाके. "वहिनींना द्या. ती सीट कडक दिसते."

मी थँक्यू म्हणालो. संध्याकाळी निघताना त्या दारातच उभ्या होत्या, म्हणून कव्हर त्यांच्यासमोर चढवावं लागलं आणि त्यावर बसून यावं लागलं. फार मऊ आहे. वाटेत वखारींपाशी उतरलो आणि उरलेला रस्ता चालत आलो. त्याने काय होणार होतं, मला सांगता येणार नाही.

हिला कव्हर दाखवलं, कुणी दिलं ते सांगितलं. ही हातात घेऊन टाके बघत राहिली. म्हणाली, त्यांच्या बहिणीने मला लॉन्ड्रीत विचारलं, सायकल कशी आहे म्हणून. मी म्हटलं छान आहे, पण सध्या हे वापरतात, खुब्याचा त्रास आहे. म्हणजे माझं खोटं ही तिकडे सांभाळतेय. मला ते ऐकून उपकार वाटले, आणि राग आला, आणि मग स्वतःचीच किळस आली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. मालक होते, इस्त्रीवाला होता, बाई होत्या. म्हटलं, सायकल माझी आहे. पहिल्यापासून माझीच. टांग टाकता येत नाही म्हणून लेडीज घेतली आणि तुम्ही हसाल म्हणून खोटं बोललो. हिच्यासाठी मी काहीही घेतलेलं नाही. ही चालत जाते हे मला तुमच्याकडून कळलं. ही निघते तेव्हा मी अंथरुणात घोरत असतो, आजवर दारापर्यंतही कधी गेलेलो नाही.

कुणी हसलं नाही. मालक "असू द्या मास्टर" म्हणाले आणि माप घ्यायला वळले. काजवाल्या बाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. "दारापर्यंतही नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी सुई उचलली. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, ते मला रास्तच वाटलं. शिक्षा झाली की बरं वाटतं. घरी येताना हलका होतो. आज खूप दिवसांनी नीट जेवलो. हिला अजून सांगितलं नाही, उद्या निवांत सांगेन म्हणतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल सांगायचं राहिलं. सांगायची गरजही उरली नाही.

घरी आलो तर दिवा लावलेला नव्हता. ही पलंगाच्या कडेला बसली होती, कामावरच्याच साडीत. मला वाटलं बरं नाही. कपाळाला हात लावायला गेलो तर मान बाजूला केली.

"तुम्ही दुकानात काय सांगितलंत?"

मी सांगितलं. जवळजवळ अभिमानाने सांगितलं, आता लिहिताना लक्षात येतंय. खरं ते बोललो, सगळं अंगावर घेतलं, म्हटलं.

मग बोलली, आणि एवढं सलग ही माझ्याशी गेल्या कित्येक वर्षांत बोलली नसेल.

"बस बंद झाली तेव्हा बाकीच्यांना त्यांचे नवरे सोडायला यायचे. कुणी स्कूटरवर, कुणी सायकलवर डबलसीट. मला विचारायच्या, अंधारात एकटी येतेस? मी म्हटलं, छे, हे येतात की पुलापर्यंत रोज. मग परत जातात, त्यांना दुकान उघडायचं असतं. एकदा म्हटलं आणि मग रोज म्हणत गेले. तुम्ही वाटेत काय बोलता ते सुद्धा सांगायचे. काय काय सांगितलंय मी, तुम्हाला कल्पना नाही. आज मी आत गेले आणि सगळ्या बोलायच्या थांबल्या. त्यांच्या बहिणीने माझा डबा स्वतः उचलून ठेवला. मी आजारी असल्यासारखा."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"तुम्हाला मन हलकं करायचं होतं. झालं ना? मला उद्या परत तिथेच जायचंय."

बाईंनी "दारापर्यंतही नाही?" असं का विचारलं, ते मला आत्ता कळलं. आणि त्यांच्या कानावर काय येत होतं, तेही. हिने तिकडे एक चांगला नवरा उभा केला होता. मी शनिवारी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून तो मोडून टाकला. माझी लाज गेली म्हणून मी पोटभर जेवलो, आणि ती हिच्या पदरात पडली होती. मला माफी मागता आली नाही. मागितली असती तर ती पुन्हा माझ्याच सोयीची झाली असती.

ही झोपायला आत गेली. मी पाना घेतला, खाली गेलो आणि सीट वर केली. त्या दिवशी घेतलेलं माप होतंच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ही उठली त्याच्या आधी उठलो. तोंड धुऊन, शर्ट घालून दारात उभा राहिलो. हिने मला बघितलं. केस बांधले, डबा घेतला. मी सायकल धरून खाली उतरलो. टोपलीत डबा ठेव म्हटलं, ठेवला.

अंधार होता. मला वाटलं होतं रस्ता सामसूम असेल, पण हिला ओळखणारे पुष्कळ निघाले. दूधवाल्याने हात केला. वॉचमनने खुर्चीतून उठून माझ्याकडे बघितलं आणि हिला विचारलं, "आज सोबत?" ही "हो" म्हणाली आणि न थांबता पुढे गेली. चालते भरभर. माझा खुबा दुखायला लागला तरी मी बोललो नाही. वाटेत काय बोलावं हे मला सुचेना. हिने तिकडे सांगितलेल्या वाटेवरच्या गप्पा कसल्या असतील, ते विचारावंसं वाटलं, पण हिंमत झाली नाही.

पुलाच्या तोंडाशी दिवा आहे. तिथे ही थांबली. समोरच्या रस्त्याने दोघी जणी येत होत्या, खांद्याला पिशव्या, हिच्यासारख्याच. त्यांनी आम्हाला बघितलं आणि पावलं हळू केली. हिने माझ्या हातातून हॅण्डल घेतलं.

"इथून वळा," ती हळूच म्हणाली. "मी पुलापर्यंतच सांगितलं होतं."

मग आवाज थोडा मोठा करून, त्या दोघींना जाईल इतकाच, म्हणाली, "या आता तुम्ही. दुकान उघडायचं असेल."

आणि मी रोज वळत असल्यासारखा वळलो.